कोल्ड रूम लॉगर, रेव्ह. ड : प्रकल्प नोंदी, महापे

७ जून २०२१, सोमवार

आजपासून कोविडचे निर्बंध थोडे सैल झाले, युनिटमध्ये पुन्हा माणसं दिसायला लागली. तुर्भ्याच्या शीतगृहवाल्या शेठची ४०० बोर्डांची पीओ (खरेदीची ऑर्डर) हातात आहे, ॲडव्हान्सही जमा आहे. माल दिवाळीआधी द्यायचा.

बोर्ड जुनाच, रेव्ह. क, म्हणजे डिझाइनची क आवृत्ती. एका बोर्डावर आठ सेन्सर, दर पाच मिनिटांनी खोल्यांचं तापमान नोंदवायचं. उणे १८ ची खोली तापायला लागली आणि तापतच राहिली, तर शेठच्या माणसाला एसएमएस. बाजारात लावलेले बोर्ड विनातक्रार चालताहेत, तेव्हा डिझाइनला हात लावायचं कारणच नव्हतं. पार्ट मागवायचे आणि वागळे इस्टेटला काकांकडे असेंब्लीला (पार्ट बोर्डावर सोल्डर करायला) टाकायचे, इतकं सरळ काम.

खरेदी बघणाऱ्या मॅडमनी दुपारी बीओएमचा, म्हणजे बोर्डावरच्या पार्टच्या यादीचा, तक्ता रंगवून दाखवला. रेझिस्टर, कनेक्टर, रिले, डबा हे सगळं हिरवं. बक रेग्युलेटर, म्हणजे १२ व्होल्टचे ४ करणारी चिप, पिवळा. बोर्डाचा मेंदू असलेला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एसटी कंपनीची एसटीएम३२ एफ१०३ सी८, लालभडक. पुढे एकच शब्द: ‘नाही’.

११ जून, शुक्रवार

अधिकृत डिस्ट्रिब्यूटरचं उत्तर आलं. लीड टाइम ५२ आठवडे, तोही ‘अंदाजे’. ऑर्डर टाकली की रद्द करता येणार नाही, माल परत घेणार नाहीत, आणि भाव डिलिव्हरीच्या दिवशी जो असेल तो. मॅडमनी विचारलं, पूर्ण पैसे आधी भरले तर? फरक पडत नाही म्हणाले. मोठ्या गिऱ्हाइकांना कोटा ठरवून दिलाय, उरलं तर बाकीच्यांना.

माझ्या मते या वर्षीचा सगळा तिढा याच वाक्यात आहे. पैसे कमी पडले तर निदान कुठून तरी उभे करता येतात. रांगेतली जागा कुठून उभी करणार? ४०० नगांच्या गिऱ्हाइकाला तिथे कोणी ओळखत नाही.

१६ जून, बुधवार

शेठचा फोन. “इंजिनियर साहेब, शंभर-सव्वाशे रुपयांच्या चिपसाठी माझं चारशे बोर्डांचं काम अडलंय? कोणाला सांगितलं तर हसतील मला.” त्यांना फोनवर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही तेच सांगावं लागणार आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा गाडी कंपन्यांनी घाबरून चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी जगभर लोक घरात बसले आणि घराघरात लॅपटॉप, टॅब, वेबकॅम, राउटर, गेमिंग कन्सोल यांची खरेदी सुटली. २०२० मध्ये जगात ३० कोटींहून जास्त पीसी विकले गेले, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त. फाउंड्रीवाल्यांची, म्हणजे दुसऱ्यांच्या चिपा बनवून देणाऱ्या कारखान्यांची, मोकळी झालेली जागा या मंडळींनी भरली. वर्ष सरता सरता गाड्यांची मागणी परत आली, पण जागा गेली होती. तैवानच्या टीएसएमसीच्या उत्पन्नात गाड्यांच्या चिपांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास, मग त्यांच्यासाठी फोनवाल्यांना कोण उठवणार? जिथे गाडी कंपन्यांचीच ही गत, तिथे महाप्याच्या इलेक्ट्रॉनिक झोनमधल्या गाळ्याची काय कथा.

त्यात एकामागून एक संकटं. ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओकाला असाही कासेईच्या कारखान्याला आग लागली आणि ऑडिओच्या चिपा गेल्या. फेब्रुवारीत टेक्सासमधल्या बर्फाच्या वादळात वीज गेली आणि सॅमसंग, एनएक्सपी, इन्फिनियन यांचे ऑस्टिनचे कारखाने थांबले. १९ मार्चला रेनेसासच्या नाका कारखान्यात आग. तैवानमध्ये पाऊस नाही म्हणून फॅबना, म्हणजे चिपच्या कारखान्यांना, टँकरने पाणी.

“मग नवीन कारखाने काढा ना,” शेठ म्हणाले. काढताहेत, पण आपल्या चिपांसाठी नाही. एफ१०३ ही २००७ च्या पिढीतली चिप. अशा जुन्या, जाड रेघांच्या चिपा बहुतेक ८ इंची वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) निघतात. तिथली यंत्रं जुनी, नवीन फारशी बनत नाहीत, आणि नफा इतका बेताचा की त्यात कोणी अब्जावधी ओतत नाही. पैसा चाललाय तो नव्या फोनच्या प्रोसेसरकडे. पण त्याच फोनला चार्जिंगची, बॅटरीची, डिस्प्लेची चिप लागते, ती जुन्याच फॅबमधून येते. म्हणजे नवा फोन विकला जातो तेव्हा तो आपल्याच ताटातलं उचलतो.

आणि टंचाईची हूल उठली की सगळे दुप्पट ऑर्डर टाकतात. गॅस सिलिंडरचं आपण घराघरात हेच करतो हे शेठना लगेच पटलं. “बरं, पण दिवाळी,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

२९ जून, मंगळवार

ब्रोकरकडून एफ१०३ चे नमुने मागवले होते. भाव एका नगाला ९०० रुपये, वर जीएसटी. पॅकिंग झकास, लेबल झकास.

ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तर काही नगांवरची छपाई काळ्या डागासकट कापसावर आली. भिंगाखाली पाहिलं तर पाठीवर घासल्याच्या समांतर रेघा. एक नंबरच्या पायापाशी जो गोल खळगा असतो, तो अर्धवट बुजलेला. मग डिबगर, म्हणजे चिपशी थेट बोलणारं साधन, लावला. अस्सल चिप ओळखक्रमांक देते तो ‘१बीए०’ ने सुरू होतो. यातल्या काहींनी ‘२बीए०’ दिला, म्हणजे आतलं सिलिकॉन दुसऱ्याच कोणाचं.

फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, लिहिणाऱ्या पोराचं म्हणणं, “सर, पण चालतात की. प्रोग्राम चढला, एलईडी लुकलुकतोय.” चालतात हीच अडचण आहे. मेलेली चिप टेबलावरच कळते. ही जाऊन बसेल कोल्ड रूमच्या भिंतीवर, तीन वर्षांच्या वॉरंटीत, आणि कधी काय करेल ते आपण कशाच्या आधारावर सांगणार? आत काय आहे हेच माहीत नाही. नमुने ‘वापरू नये’ असा लाल मार्कर मारून कपाटात. फेकायचे नाहीत. नवीन पोरांना शिकवायला याहून चांगलं साहित्य मिळणार नाही.

१४ जुलै, बुधवार

निर्णय: मायक्रोकंट्रोलर बदलायचा. गिगाडिव्हाइसची जीडी३२ एफ१०३ सी८. पाय जुळतात, ४८ पायांचं तेच पॅकेज, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, कोअर तोच कॉर्टेक्स-एम३. ही नक्कल नाही, स्वतःच्या नावाने विकलेली दुसरी चिप आहे, तिची डेटाशीट आहे, तिच्यामागे कंपनी आहे. जुन्या एसटीच्या भावाच्या जवळपास तिप्पट पडली, पण गोडाऊनमध्ये आहे आणि लगेच उचलता येते. खराबीचं धरून ५०० नगांची ऑर्डर टाकली.

मॅडमचा प्रश्न रास्त होता, शेठला सांगायचं का? सांगायचं, आणि बोर्डाला रेव्ह. ड असं वेगळं नाव द्यायचं. उद्या एखादा बोर्ड दुरुस्तीला आला तर आत कोणती चिप आहे ते वरूनच कळायला हवं.

२३ जुलै, शुक्रवार

काल चिपळूण पाण्याखाली गेलं. काकांकडे पार्ट बोर्डावर ठेवणाऱ्या पिक-अँड-प्लेस मशीनवर बसणारा मुलगा तिकडचा. घरच्यांचा फोन लागत नव्हता, तो पहाटेच निघाला. काकांनी हातात पैसे दिले आणि काम नंतर बघू म्हणाले. त्यामुळे बॅच पुढे गेली, आणि जायलाच हवी होती.

दरम्यान जीडीचा माल उघडून पाहिला. विकणाऱ्याने मोजणीसाठी व्हॅक्यूम पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं. आतलं आर्द्रतेचं कार्ड, जे निळं असायला हवं, ते गुलाबी. या पॅकेजला उघड्या हवेत १६८ तासांची मुभा असते, तीही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला. जुलैत आपल्याकडे ६० टक्के कुठे असते? चिपच्या काळ्या अंगात ओल शिरली आणि ती तशीच सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो ओव्हनमध्ये गेली, तर आतल्या आत वाफ होऊन अंग तडकतं.

काकांनी फोनवरच सांगितलं, “पावसाळ्यात घाई करायची नाही. टेपमधून काढून ट्रेमध्ये लावा, मी १२५ ला भाजून घेतो. टेपसकट टाकलंत तर प्लास्टिक वितळेल आणि माझा ओव्हन तुम्ही खरवडत बसाल.” संध्याकाळी आम्ही तिघं चिमट्याने एकेक चिप ट्रेमध्ये लावत बसलो.

३ ऑगस्ट, मंगळवार

पहिले नमुना बोर्ड काकांकडून आले. सोल्डरिंग उत्तम. जुनं फर्मवेअर तसंच चढलं. टेबलावर एक सेन्सर जोडला, २८ अंश, सगळे खूश. मग प्रत्यक्ष साइटवर लागते तशी लांब केबल आणि आठही सेन्सर जोडले. चालू केल्या केल्या ८५ अंश. पुढच्या फेरीला तीन सेन्सर गायब. मग दोन परत आले आणि दुसरेच गायब झाले.

८५ हा आकडा डीएस१८बी२०, म्हणजे आपला हा तापमानाचा सेन्सर, वापरणाऱ्याला लगेच कळतो. सेन्सरला वीज मिळाली पण अजून एकही मोजणी पूर्ण झालेली नाही, तेव्हा तो ८५ सांगतो. १२ बिटच्या मोजणीला ७५० मिलिसेकंद लागतात. आपण त्याआधीच विचारत होतो.

सिग्नलच्या वेळा दाखवणारा लॉजिक ॲनालायझर लावला. वन-वायरवर, म्हणजे सगळे सेन्सर ज्या एका तारेवर बोलतात तिथे, सुरुवातीला मास्टरने (आपल्या मायक्रोकंट्रोलरने) लाइन निदान ४८० मायक्रोसेकंद खाली धरायची असते. एसटीच्या बोर्डावर ती ५०० भरते. जीडीच्या बोर्डावर साडेतीनशेच्या आसपास. क्लॉक दोन्हीकडे ७२ मेगाहर्ट्झच. मग?

उत्तर फ्लॅशमध्ये सापडलं. एसटीची चिप ७२ मेगाहर्ट्झला धावते तेव्हा तिची फ्लॅश मागे पडते, म्हणून ती वाचताना दोन वेट स्टेट (थांबायचे ठोके) घालाव्या लागतात. जीडीमध्ये प्रोग्राम आतल्या वेगवान रॅममधून चालतो, थांबणं नाही. आपल्या कोडमधला उशीर हा नुसता रिकामा लूप, इतक्या वेळा फिर म्हणजे इतके मायक्रोसेकंद, असा एसटीवर मोजून बसवलेला. चिप थांबायची बंद झाली आणि लूप लवकर संपायला लागला. ७५० चं वाट पाहणंही त्याच लूपने, म्हणून ८५. बिट वाचतानाही तेच. लांब केबलवर लाइन सावकाश वर येते, ती पुरती वर यायच्या आत आपण वाचून मोकळे, त्यामुळे १ च्या जागी ० मिळून सेन्सर ‘गायब’.

पोराने लूप काढून टाकले आणि कोअरच्या सायकल काउंटरवर उशीर बसवला. वेट स्टेट असोत नसोत, तो क्लॉकचे ठोकेच मोजतो. रात्री आठही सेन्सर सलग उभे. तोच प्रोग्राम जुन्या एसटीच्या बोर्डावर चढवला, तिथेही नीट. हे महत्त्वाचं, कारण उद्या एसटी मिळाली तर फर्मवेअर एकच राहील.

१७ ऑगस्ट, मंगळवार

दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना परवापासून लोकल खुली. घणसोलीहून ठाणे, तिथून दादर, मग ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला किरकोळ सामानाचा प्रश्न नाही, पण दुकानदार भाव सांगताना आधी व्हॉट्सॲप बघतो. सकाळचा भाव संध्याकाळी नाही. कॅपॅसिटर घेतले, मोजून नाही तर रीलच.

२५ ऑगस्ट, बुधवार

मायक्रोकंट्रोलरच्या नादात ज्या पिवळ्या ओळीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, ती आज लाल झाली. बक रेग्युलेटर, आठ पायांचा, एरवी पंचवीस-तीस रुपयांचा. कबूल केलेला माल ‘पुढील सूचनेपर्यंत’ पुढे. मलेशियात कोविड वाढला आहे, मुआरमधल्या एसटीच्या कारखान्यातही काम थांबलं होतं. चिप पॅक करून तपासण्याचं जगातलं सुमारे १३ टक्के काम त्या देशात होतं, तेव्हा कोणत्याही कंपनीचा कोणताही पार्ट तिथे अडकलेला असू शकतो.

साधा लिनियर रेग्युलेटर लावून वेळ मारून नेता येणार नाही. एसएमएस पाठवणारं जीएसएम मोड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. १२ व्होल्टचे ४ करायचे, म्हणजे त्या क्षणी १६ वॅट नुसती उष्णता, बंद डब्यात.

दुसऱ्या कंपनीचा आठ पायांचा बक मिळतोय, पण पायांचा क्रम वेगळा. स्विचिंगही निराळं: आपला साडेपाचशे किलोहर्ट्झच्या आसपास, तो साडेतीनशेच्या. म्हणजे इंडक्टर मोठा हवा, फीडबॅकचे रेझिस्टर वेगळे. तिसरा आणखी कुठे मिळाला तर पुन्हा तेच सगळं.

दुपारभर वाद. माझा प्रस्ताव: वीजपुरवठ्याचा भाग मुख्य बोर्डावरून काढून नखाएवढ्या पिल्लू बोर्डावर न्यायचा. जो रेग्युलेटर हाताला लागेल त्याचं पिल्लू बनवायचं, मुख्य बोर्डाला फक्त चार जोडण्या: १२, ४, ग्राउंड, इनेबल (चालू-बंद). काकांना फोन लावला तर ते उखडलेच. “कनेक्टर म्हणजे तक्रार. शीतगृहात दार उघडलं की दव पडतं, सहा महिन्यांत पिना हिरव्या होतील.” बरोबर आहे. मग कनेक्टर नको, पिल्लाच्या कडेला अर्धी भोकं पाडून ते थेट बोर्डावर सोल्डर करायचं. त्यावर काका राजी झाले, “पण भोकांमधलं अंतर मला विचारून ठेवा.”

याला खर्च आहे. पीसीबी (पार्ट लावायच्या आधीचा कोरा बोर्ड) जास्त, असेंब्लीचा एक टप्पा जास्त, एका बोर्डामागे साधारण चाळीस रुपये. पण त्या बदल्यात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रांगेत एकाच वेळी उभं राहता येतं. मला तरी हा सौदा स्वस्त वाटतो. मोठ्या कंपनीचा खरेदीवाला हेच काम फोनवर दम देऊन करतो, आपल्याला ते लेआउटमध्ये करावं लागतं.

१३ सप्टेंबर, सोमवार

दीड दिवसाचे गणपती आटोपून सगळे परत. बातमी घणसोलीची, म्हणजे अगदी शेजारची: जिओचा नवा स्वस्त स्मार्टफोन गणेश चतुर्थीला येणार होता, तो आता दिवाळीला. कारण जगभरची चिप टंचाई. तिकडे मारुतीने सप्टेंबरमध्ये नेहमीच्या ४० टक्केच उत्पादन होईल असं कळवलंय. मॅडमनी दोन्ही बातम्या शेठना पाठवल्या. शेठचं उत्तर, एक हात जोडल्याचा इमोजी. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी फोन न करता उत्तर दिलं.

पिल्लू बोर्डाच्या दोन आवृत्त्या पीसीबीच्या कारखान्याला गेल्या.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

दराची बैठक, तुर्भ्याला शेठच्या ऑफिसात. बाहेर मिरच्यांच्या गोण्या उतरत होत्या, सगळेच शिंकत होते. मी दोन आकडे लिहून नेले होते: जुना दर, आणि आत्ता बोर्ड खरोखर कितीला पडतो तो. मधला फरक निम्मा तुम्ही घ्या, निम्मा आम्ही घेतो.

शेठ तक्ता बराच वेळ बघत राहिले. “ही चिप तिप्पट झाली ते समजलं. पण कॅपॅसिटर का वाढला?” फोनमुळे. एका स्मार्टफोनमध्ये असे शेकडो बसतात. २०१८ लाही हे झालं होतं, तेव्हा आपण कॅपॅसिटरची बोंब मारत होतो. ते हसले. “सफरचंदाचं आमचंही असंच असतं. गाड्या हिमाचलात अडकल्या की वाशीत भाव.” निम्म्यावर मान्य झालं. अट एक: २५० बोर्ड दिवाळीआधी, उरलेले डिसेंबरअखेर.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याला बोर्डांची पूजा झाली आणि या आठवड्यात पहिला लॉट तुर्भ्याला लागला. दोन्ही प्रकारची पिल्लं मुद्दाम मिसळून लावली आहेत, कोणतं पिल्लू कोणत्या खोलीत त्याची नोंद वेगळ्या वहीत. इंडक्टर मोठा असलेलं पिल्लू थोडं कमी तापतंय. अनपेक्षित, पण चांगलं.

शेठच्या ऑफिसात सगळ्या खोल्या एका पडद्यावर दाखवायला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक लावायचा बेत होता, २ जीबीवाला. परवाच रास्पबेरी पायवाल्यांनी त्याचा भाव ३५ वरून ४५ डॉलर केला. बोर्डाचा भाव वाढवायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ. आणि वाढीव भावातही मिळेल याची खात्री नाही. तूर्तास शेठच्या मुलाचा पडून असलेला जुना लॅपटॉप लावला. काम तेच होतं, फक्त पंख्याचा आवाज येतो.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

२५० पूर्ण, दिवाळीआधी दोन दिवस. जिओचा फोनही लक्ष्मीपूजनाला आला, ६,४९९ रुपयांना.

उरलेल्या १५० ची स्थिती: जीडी चिपा हातात. रेग्युलेटर दोन प्रकारचे, मिळून १९० नग. पीसीबी कारखान्याकडे. आरएस-४८५ ची (लांब तारेवर डेटा पाठवणारी) चिप आजपासून ‘ॲलोकेशन’वर, म्हणजे कोट्याने, पण ही आठ पायांची चिप बऱ्याच कंपन्यांची एकाच क्रमाने येते, त्यामुळे फूटप्रिंट (बोर्डावरची तिची जागा) बदलायची गरज नाही. मॅडमनी तीन ठिकाणी कोटेशन मागवलं आहे.

बीओएमच्या तक्त्यात मॅडमनी एक रकाना वाढवला: ‘दुसरा पर्याय तपासला का?’ ‘होय’ लिहायचं ते बोर्डावर लावून, लांब केबलवर आठ सेन्सर चालवून पाहिल्यावरच, नुसती डेटाशीट वाचून नाही. आरटीसीच्या, म्हणजे वेळ सांगणाऱ्या घड्याळाच्या चिपच्या, ओळीत अजून ‘नाही’ आहे. उद्या सकाळी पोरगा चिपमधलाच घड्याळाचा भाग ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालवून आठवड्यात किती सेकंद सरकतो ते बघायला सुरुवात करेल.